ग्रिड चढवूनही भिंत का उजळते? हनीकोम्बचा सेटवरचा हिशोब

रात्रीचा सीन आहे. दहा बाय बाराची खोली, भिंतींना फिकट पिवळा रंग, टेबलाशी बसून फोनवर बोलणारी बाई. चेहरा दिसायला हवा, भिंत अंधारात हवी. नव्वद सेंटिमीटरचा ऑक्टा सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइटवर बसणारी अष्टकोनी कापडी पेटी, लावला की चेहरा छान येतो, पण त्याच्याबरोबर भिंत, छत, कोपऱ्यातला फ्रिज आणि वरचं कॅलेंडर, सगळंच उजळतं. ‘ग्रिड चढवा’ हा पहिला हुकूम बरोबरच असतो. ग्रिड किंवा हनीकोम्ब म्हणजे सॉफ्टबॉक्सच्या तोंडावर बसणारी काळ्या खणांची जाळी. अडचण त्यानंतर सुरू होते. ग्रिड चढते, चेहऱ्यावरचा उजेड दीड स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), लाइट पुढे सरकवला जातो, चेहरा कडक दिसू लागतो, म्हणजे सावल्या धारदार होतात, आणि भिंत आहे तिथेच उजळलेली राहते. यातलं काहीही ग्रिड खराब असल्यामुळे होत नाही.

ग्रिड उजेडाला वळवत नाही, एकवटत नाही. ती फक्त तिरके किरण अडवते. प्रत्येक खण म्हणजे एक छोटी काळी नळी. नळीतून सरळ गेलेला किरण बाहेर पडतो, फार तिरका गेलेला नळीच्या काळ्या भिंतीवर आदळून मरतो. लेन्स बसवून झोत अरुंद केला तर मधला उजेड वाढतो. ग्रिडने तसं कधीच होत नाही, ती नुसती कापते. म्हणून ग्रिड निवडताना उजेड कुठे हवा यापेक्षा कुठे नको हे आधी ठरवायचं.

अंश म्हणजे किती, ते पट्टीने मोजा

पिशवीवर ‘४०’ किंवा ‘५०’ लिहिलेलं असतं. त्यावर डोळे मिटून विसंबू नका. कोणी उजेड पूर्ण तुटतो तो कोन सांगतं, कोणी अर्धा उरतो तो. भाड्याच्या सामानात तर एका कंपनीच्या पिशवीत दुसरीच ग्रिड निघते. त्यापेक्षा खणाची रुंदी आणि खोली पट्टीने मोजा. खोली रुंदीच्या जेवढ्या पट, तेवढी ग्रिड कडक, म्हणजे तिचा कोन तेवढा अरुंद.

खोली रुंदीइतकीच असेल तर उजेड ९० अंशांत तुटतो, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ४५. दीडपट असेल तर ६७ अंश. दुप्पट असेल तर ५३. तिप्पट असेल तर ३७. चौपट असेल तर २८. खण ६ मिलिमीटरचा असो की ६ सेंटिमीटरचा, गुणोत्तर तेच असेल तर कोनही तोच. किनो फ्लो कंपनीच्या जुन्या ट्यूबवाल्या लाइटवर बसणारे ९०, ६० आणि ४५ अंशांचे लूव्हर, म्हणजे खणांच्या जाळ्या, याच हिशोबावर चालायचे.

खण चौकोनी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा जवळपास दीडपट लांब, म्हणून कर्णाच्या दिशेने जास्त उजेड निसटतो. बाजूला ५३ अंशांवर तोडणारी ग्रिड कर्णावर ७० अंशांपर्यंत गळते. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात हट्टी उजेड दिसत असेल आणि बाकी भिंत काळी असेल, तर बहुतेक हेच कारण. चौकोनी सॉफ्टबॉक्स स्पीडरिंगमध्ये (तो लाइटला जोडणाऱ्या कड्यात) ४५ अंशांनी फिरवून पाहा. षटकोनी खणात हा फरक फारच कमी असतो. मधमाश्यांच्या पोळ्याचा आकार इथे खरंच कामाला येतो.

अंतर: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

आता कलाकाराच्या जागी उभं राहून सॉफ्टबॉक्सकडे बघा. ग्रिड नसताना पूर्ण पांढरा गोल दिसतो. ग्रिड चढवली की मधला भाग उजळ, कडेकडे जावं तसे खण काळवंडत गेलेले दिसतात. तुमच्या गालालाही लाइट एवढाच ‘दिसतो’. लाइटचा मऊपणा त्याच्या दिसणाऱ्या आकारावर ठरतो, म्हणून ग्रिडने सॉफ्टबॉक्स लहान केला असा त्याचा अर्थ.

किती लहान? सोपा गुणाकार आहे. लाइटपासून चेहऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि ३० अंशांच्या ग्रिडसाठी ०.५४, ४० साठी ०.७३, ५० साठी ०.९३, ६० साठी १.१५ ने गुणा. जास्तीत जास्त तेवढाच व्यास चेहऱ्याला दिसतो, आणि त्याच्या कडाही मंदच. १२० सेंटिमीटरचा ऑक्टा ४० अंशांच्या ग्रिडसह एक मीटरवर, म्हणजे सव्वातीन फुटांवर, आणला तर चेहऱ्याला ७३ सेंटिमीटरचाच गोल मिळतो. मोठा ऑक्टा आणण्याचं भाडं, जागा आणि वजन सगळं वाया. तोच ऑक्टा ३ मीटरवर, म्हणजे जवळपास १० फुटांवर, ठेवला तर पूर्ण दिसतो.

उजेडाचं नुकसानही अंतरावरच ठरतं. ‘ही ग्रिड एक स्टॉप खाते’ असं सेटवर सर्रास म्हटलं जातं, पण ते एका अंतरापुरतं खरं. वरच्याच उदाहरणात हिशोब केला तर ४० अंशांची ग्रिड ३ मीटरवर पाऊण स्टॉपच्या आसपास खाते आणि १ मीटरवर पावणेतीन स्टॉपच्या आसपास. कारण जवळ आल्यावर ऑक्टाच्या बाहेरच्या भागातून येणारे किरण चेहऱ्याकडे तिरके येतात, आणि तिरके किरण अडवणं हेच तर ग्रिडचं काम.

यातून निघणारी गोष्ट भल्याभल्यांना आधी पटत नाही. उजेड कमी पडला की लाइट पुढे आणायचा, ही सवय ग्रिडसोबत चालत नाही. ग्रिडशिवाय तो ऑक्टा ३ मीटरवरून १ मीटरवर आणला तर पावणेतीन स्टॉप वाढतात. ग्रिडसह तेच केलं तर जेमतेम पाऊण. बदल्यात चेहरा कडक होतो आणि कलाकार फूटभर हलला तरी उजेडातून बाहेर जातो. उजेड कमी असेल तर लाइटचा डिमर वाढवा, वॅट वाढवा, कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा किंवा एक पायरी सैल ग्रिड लावा. लाइट पुढे आणणं सगळ्यात शेवटी.

दहा बाय बाराच्या खोलीत मागे जायला जागा नसते, हे खरं. तिथे मोठा ऑक्टा आणूच नका. नव्वद सेंटिमीटरचा ऑक्टा दीड मीटरवर, म्हणजे पाच फुटांवर, ४० अंशांच्या ग्रिडसह जवळपास पूर्ण दिसतो आणि सव्वा स्टॉपच्या आसपास खातो. तेवढ्या खोलीत हे माप नीट बसतं. अंतर आणखी कमी असेल तर ५० किंवा ६० अंशांची ग्रिड घ्या.

उरलेला उजेड कुठे पडतो?

ग्रिडने बाजूचा उजेड तुटला, पण चेहऱ्याच्या दिशेने निघालेला उजेड चेहऱ्याशी थांबत नाही. डोक्याच्या आजूबाजूने निसटून तो पुढे भिंतीवर पडतोच. तो तुटणार नाही, फक्त फ्रेमबाहेर न्यावा लागेल. म्हणूनच कॅमेऱ्याच्या जवळून, समोरून लावलेल्या लाइटवर कितीही कडक ग्रिड चढवली तरी भिंत उजळते. उजेडाचं वर्तुळ नेमकं कलाकाराच्या डोक्यामागेच बसलेलं असतं.

लाइट कॅमेऱ्याच्या रेषेपासून ४५ अंश बाजूला नेला, तर कलाकार भिंतीपासून जितका दूर तितकंच ते वर्तुळ विरुद्ध बाजूला सरकतं. कलाकार भिंतीपासून ४ फुटांवर असेल तर वर्तुळाचा मध्य तिच्या डोक्यापासून ४ फूट पलीकडे पडतो. ६० अंश बाजूला नेला तर पावणेदोन पटींच्या आसपास, म्हणजे ७ फूट. क्लोजअपमध्ये ४ फूट सहज फ्रेमबाहेर जातात. मिडशॉटमध्ये बहुधा नाही. तेव्हा आधी कॅमेऱ्याची फ्रेम लावून भिंतीवर तिच्या दोन कडा टेपने खुणवा, मग लाइटची जागा ठरवा. उलटं केलं की लाइट दोनदा हलवावा लागतो.

उंचीचाही असाच उपयोग. लाइट वर चढवून खाली झुकवला की वर्तुळ भिंतीवर खाली उतरतं, बरंचसं जमिनीवर जातं. मात्र फार वर नेलात तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार भरतो. ग्रिड असताना हा अंधार नेहमीपेक्षा गडद, कारण छताला आणि भिंतीला लागून परत येणारा उजेडच उरलेला नसतो. डोळे दिसेनासे झाले की लाइट वीतभर खाली आणा किंवा टेबलावर फ्रेमबाहेर पांढरा कागद ठेवा.

ग्रिडला पहिला पर्याय मात्र फुकट आहे. टेबल भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा. कलाकार आणि भिंत यांच्यातलं अंतर वाढलं की भिंतीवरचा उजेड कमी होतो आणि बाजूला सरकतोही. आर्ट डिरेक्टरची हरकत नसेल तर या दोन फुटांची बरोबरी कुठलीच ग्रिड करणार नाही.

चढवण्याची रीत

क्रम ठरलेला आहे. आधी लाइट, मग सॉफ्टबॉक्सच्या आतला पहिला डिफ्यूजनचा, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या पांढऱ्या कापडाचा, पडदा, मग बाहेरचं मोठं डिफ्यूजन, आणि सगळ्यात शेवटी, कलाकाराच्या बाजूला, ग्रिड. ग्रिडच्या पुढे काहीही पांढरं येता कामा नये. चेहऱ्यावर उजेड कडक वाटला म्हणून ग्रिडवरून बटर पेपर चिकटवला की तो पेपर स्वतःच नवा लाइट बनून चहूकडे उजेड फेकतो. ग्रिड असून नसल्यासारखी होते. धूळ खाल्लेला, पिवळा पडलेला प्लॅस्टिकचा कागद ‘थोडासाच आहे’ म्हणून पुढे ठेवला तरी हेच.

कापडी ग्रिड वेल्क्रोने बसवताना आधी वरची कड पूर्ण लावा, मग खालची ओढून लावा, मग दोन्ही बाजू. चारही कोपरे शेवटी एकदा ताणून घ्या. खण ताठ उभे राहायला हवेत. मधे झोळ पडला की तिथले खण खाली झुकतात आणि उजेडही खाली झुकवतात. चेहऱ्यावर कारण नसताना हनुवटीकडे जास्त उजेड दिसला, तर आधी झोळ बघा. ओढून ताण राहत नसेल तर ग्रिड सैल पडली आहे. पट्टीच्या मागच्या बाजूला काळ्या दोऱ्याचे दोन टाके घालून ती आवळता येते. स्नॅपग्रिडसारख्या, कडेला स्वतःची ताण धरणारी चौकट असलेल्या ग्रिडला ही कटकट नसते, म्हणून महाग असूनही लोक त्या मागतात.

वजन पुढे आलेलं असतं हे विसरू नका. ऑक्टा, त्यात ग्रिड, आणि बूमवर (आडव्या दांड्यावर) बाहेर काढलेला लाइट, म्हणजे स्टँडचा एक पाय नेमका लाइटच्या खाली यायला हवा आणि वाळूची पिशवी विरुद्ध बाजूच्या पायावर टाकायला हवी. बाहेर, मोकळ्यात, ८ बाय ८ किंवा १२ बाय १२ फुटांच्या फ्रेमवर कापडी ग्रिड लावली असेल तर ती मागच्या डिफ्यूजनसकट शिडासारखी वारा धरते. चारही कोपऱ्यांना दोर, दोर जमिनीला बांधलेले, आणि फ्रेमपाशी एक माणूस कायम उभा. तो माणूस चहाला गेला तर फ्रेम आडवी करूनच जावा.

भिंतीला डोळा लावून बघा

लाइट मीटर, मॉनिटरवरचा फॉल्स कलर (उजेडाची पातळी रंगांनी दाखवणारी सोय) हे सगळं हाताशी असलं तरी ग्रिडची तपासणी डोळ्याने करणं सगळ्यात जलद. लाइट डिमरवर ५ ते १० टक्क्यांवर आणा, नाहीतर डोळे दिपतील. तीव्रता कमी केल्याने कोन बदलत नाहीत. खोलीतले बाकीचे लाइट बंद करा.

भिंतीवरची जी जागा काळी हवी, तिथे गाल भिंतीला टेकवा आणि लाइटकडे बघा. सगळे खण काळे दिसले तर तिथे थेट उजेड येत नाही. एका कडेला चंद्रकोरीएवढे खण उजळ दिसले तर तेवढा येतोय. आता तिथूनच लाइटमनला सांगा, ‘डावीकडे, अजून, बस’. चंद्रकोर विझली की हात वर करा. भिंतीवरच्या चार जागा अशा तपासायला दोन मिनिटं लागतात. मॉनिटरसमोर बसून ‘अजून थोडं’ म्हणत राहिलं तर वीस.

गंमत अशी की सगळे खण काळे दिसूनही भिंत उजळ असू शकते. मग तो ग्रिडमधून आलेला उजेड नव्हे. मागे वळून बघा. कुठली तरी पांढरी गोष्ट उजेड परत फेकते आहे: जमिनीची पांढरी फरशी, टेबलावरचा पेपर, समोरच्या भिंतीवर पडलेलं तेच वर्तुळ, कधी कधी कलाकाराचा पांढरा सदरा. फरशीवर काळं कापड, समोरच्या भिंतीवर काळं कापड. याला ग्रिड बदलून उपयोग नाही.

सॉफ्टबॉक्सची मागची बाजूही तपासा. लाइट आणि स्पीडरिंग यांच्या फटीतून, शिवणीतून निसटलेला उजेड छताला लागतो. तिथे काळी टेप किंवा काळी फॉइल लावा, पण लाइटच्या पंख्याची जाळी बंद करू नका.

मग कलाकाराच्या खुर्चीत बसा. डोळ्यांच्या उंचीवरून मधले खण पूर्ण उजळ आणि चहूबाजूंनी सारखे मावळत गेलेले दिसले पाहिजेत. उजळ भाग एका बाजूला सरकलेला असेल तर लाइट चुकीच्या दिशेला रोखलेला आहे. आता पुढे वाका, मागे टेका, डावीकडे झुका. सीनमध्ये कलाकार जेवढी हलणार तेवढं हला. मागे टेकताच अंधारात जात असाल तर ग्रिड फार कडक. हे काम स्टँड-इनकडून, म्हणजे कलाकाराच्या जागी बसणाऱ्या माणसाकडून, करून घेतलं तरी उंची जुळवूनच. सहा इंच बुटका माणूस बसवला तर शॉटच्या वेळी कपाळ काळं येतं.

बॅकलाइटसाठी, म्हणजे कलाकाराच्या मागून येणाऱ्या लाइटसाठी, हीच तपासणी लेन्सपाशी. लेन्सच्या जागी डोळा ठेवून एकही उजळ खण दिसत असेल तर फ्लेअर येणार. मॅट बॉक्सवर (लेन्सपुढच्या चौकटीवर) कटर, म्हणजे उजेड अडवणारा काळा पडदा, लावण्याआधी ग्रिड एक पायरी कडक करून बघा. क्रोमासमोर शूट करताना हिरव्या पडद्यापाशी उभं राहून तपासा, म्हणजे ‘की लाइट’ (मुख्य लाइट) पडद्यावर किती सांडतो ते कळतं.

कटर, बार्न डोअर की ग्रिड?

मोठ्या मऊ लाइटवर बार्न डोअर, म्हणजे लाइटच्या तोंडावरची उघडमिट करणारी दारं, जवळजवळ निरुपयोगी असतात. लाइटच एवढा मोठा की दार अर्धं मिटलं तरी उरलेल्या अर्ध्यातून उजेड येत राहतो. कटर लाइटपासून दूर आणि भिंतीच्या जवळ नेला तर कड मिळते, पण छोट्या खोलीत तीन स्टँड आणि तीन कटर ठेवायला जागा कुठे? ग्रिड ती सगळी कामं लाइटच्या तोंडावरच उरकते.

ग्रिडला एक मर्यादा आहे. ती सगळ्या दिशांना सारखीच कापते आणि कड कधी धारदार देत नाही. पांढरा सदरा चेहऱ्यापेक्षा उजळ दिसत असेल तर तो खाली आणणं ग्रिडचं काम नाही. त्यासाठी ग्रिडच्या पुढे दीड-दोन फुटांवर, खालच्या अर्ध्यात, आडवा कटर किंवा काळी जाळी. ग्रिड असताना कटरचा परिणामही लवकर दिसतो, कारण कापायला उजेडच कमी उरलेला असतो.

कडक लाइटवरची धातूची ग्रिड

सात इंची रिफ्लेक्टरवर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गोल चकत्या हे वेगळं प्रकरण. त्यांचं काम नेमकं वर्तुळ टाकणं: देव्हाऱ्यावर, भिंतीवरच्या फोटोवर, जमिनीवर पडलेल्या चिठ्ठीवर. २ मीटरवरून १० अंशांची चकती साधारण ३५ सेंटिमीटरचं वर्तुळ देते, २० ची ७०, ३० ची १०७, ४० ची १४५ च्या आसपास, आणि त्यापुढे मावळती कड वेगळी. स्नूटपेक्षा (लाइटवर बसणाऱ्या लांब नळीपेक्षा) ही कड मऊ असते, म्हणून फोटोवर टाकलेला उजेड ‘लावलेला’ वाटत नाही.

दोन चकत्या एकावर एक ठेवून जास्त कडक करण्याचा मोह होतो. खण एकमेकांशी जुळत नाहीत आणि भिंतीवर लाटांसारखे पट्टे उमटतात. तसंच लाइट भिंतीच्या फार जवळ असेल तर खणांची जाळीच भिंतीवर दिसू लागते. तेव्हा मागे व्हा किंवा बारीक खणांची चकती घ्या. रंगीत एलईडीच्या उघड्या पॅनलवर थेट ग्रिड लावली तर प्रत्येक रंगाचा दाणा वेगळ्या कोनातून येतो आणि सावल्यांच्या कडा गुलाबी-हिरव्या होतात. दोघांमध्ये डिफ्यूजन हवंच.

बेबी (छोटा टंगस्टन लाइट) किंवा कुठल्याही टंगस्टन लाइटच्या तोंडावर थेट लावायची तर फक्त धातूची ग्रिड. कापडी आणि प्लॅस्टिकची तिथे वितळते, जळते. धातूची चकती काढताना चामड्याचे हातमोजे घाला. लाइट बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली असते.

आणखी एक सापळा म्हणजे डोळे. मोठ्या क्लोजअपमध्ये बुबुळात लाइटचं प्रतिबिंब पडतं आणि ग्रिडची चौकट त्यात स्पष्ट दिसते. चष्मा असेल तर विचारूच नका. अशा शॉटला ग्रिड काढा, भिंत कटरने सांभाळा. क्लोजअपमध्ये भिंत तशीही कमीच दिसते.

घरी बनवायची झाली तर

प्लॅस्टिकच्या काळ्या स्ट्रॉ चिकटवून ग्रिड बनवण्याची जुनी युक्ती आता अवघड झाली, कारण १ जुलै २०२२ पासून अशा स्ट्रॉवर देशभर बंदी आहे. चौकोनी सॉफ्टबॉक्ससाठी पट्ट्यांची ग्रिड त्यापेक्षा मजबूत होते.

६० बाय ६० सेंटिमीटरच्या एलईडी सॉफ्टबॉक्ससाठी ३ मिलिमीटर जाडीची काळी सनपॅक शीट घ्या, जाहिरातीच्या फलकांना वापरतात तीच. ६ बाय ४ फुटांची एक पुरते. ६० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद अशा २६ पट्ट्या कापा. शीटमधल्या बारीक नळ्या पट्टीच्या लांबीला समांतर राहू द्या, नाहीतर पट्टी मधे मोडते. चार पट्ट्या चौकटीला, उरलेल्या २२ आत, ११ उभ्या आणि ११ आडव्या.

आतल्या प्रत्येक पट्टीवर ५, १०, १५ असं करत ५५ सेंटिमीटरपर्यंत ११ खुणा करा. प्रत्येक खुणेवर रुंदीच्या अर्ध्यापर्यंत, म्हणजे ५ सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर, खाच पाडा. खाचेची रुंदी शीटच्या जाडीएवढीच हवी. खाच जास्त रुंद झाली की पट्ट्या डळमळतात, अरुंद झाली की फुगून वाकतात. आधी दोन पट्ट्या कापून एकमेकांत बसवून बघा, मग बाकीच्या कापा. उभ्या पट्ट्यांच्या खाचा वरून, आडव्यांच्या खालून, आणि एकमेकांत अडकवा. ५ सेंटिमीटरचा खण आणि १० सेंटिमीटरची खोली, म्हणजे दुप्पट, म्हणजे ५३ अंश.

सनपॅक चकचकीत असते ही या प्रकारातली खरी खोट. चकचकीत काळ्या भिंतीवरून तिरका किरण घसरत बाहेर येतो आणि ५३ अंशांची ग्रिड भलतीच सैल वागते. अडकवण्याआधीच पट्ट्या दोन्ही बाजूंनी बारीक पॉलिशपेपरने घासा आणि फळ्याला लावतात तो काळा रंग द्या. नुसता रंग दिला तर पोपडे उडतात. एक हात पुरत नाही, दोन द्या. वाळल्यावर बाहेरच्या चौकटीच्या कडेला वेल्क्रोच्या पट्ट्या शिवा. चिकटवलेला वेल्क्रो एलईडीच्या उबेनेही तासाभरात सुटतो.

ठेवणी

धातूच्या चकत्या प्रत्येकी वेगळ्या कापडी खोळीत, उभ्या ठेवा. एकावर एक रचून वर कोणी वाळूची पिशवी टाकली की मधले खण दबतात आणि तिथे वर्तुळात काळा डाग कायमचा बसतो. दबलेला खण गोल पेन्सिलीच्या टोकाने हळूच उघडता येतो, एखादाच असेल तोवर. कापडी ग्रिड घडी केल्या तशाच आठवडाभर राहिल्या की खण पिळलेले राहतात. सेटवर आल्या आल्या त्या सी-स्टँडच्या दांडीवर टांगून ठेवा, लाइट लागेपर्यंत सरळ होतात. पावसाळ्यात बाहेरच्या शूटवरून आलेली ओली ग्रिड पिशवीत कोंबू नका. काळ्या कापडावर पांढरी बुरशी धरते, आणि खणाच्या भिंती पांढऱ्या झाल्या की उजेड तिथूनच उसळून बाहेर पडतो. पंख्याखाली रात्रभर वाळवा, मऊ ब्रशने खण झाडा, मगच घडी घाला.